आवडाबायचा खांदेपालट

विषय : मौजे कातळवेढे येथील श्री देवी पाणजाईची पालखी चढणीच्या पायथ्याशी उलट तोंडाची होण्याबाबत.

संदर्भ : १) गावातल्या वयस्कर मंडळींनी दिलेली तोंडी माहिती. २) त्याच मंडळींनी दुसऱ्या दिवशी दिलेली वेगळी तोंडी माहिती.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, फार वर्षांपूर्वी, म्हणजे गावाला रस्ता नव्हता आणि त्यामुळे रस्त्याबद्दल तक्रारही नव्हती तेव्हा, कातळवेढ्यात आवडाबाय रेवाळे नावाची बाई राहत होती. ती खांदे बसवत असे. मुरगळलेला पाय किंवा धरलेली कंबर घेऊन कोणी दारात आलं तर ती त्याला सरळ शेजारच्या गावी पाठवून देई. तिचं खातं फक्त खांद्याचं. पण त्या खात्यात तिच्या तोडीचं माणूस पाच महालांत नव्हतं, असं म्हणतात. पाच महाल कोणते ते कोणी सांगत नाही.

कातळवेढ्यात नादुरुस्त खांद्यांना तोटा नव्हता. गाव कातळावर. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरे, माणूस घसरे, पडताना हात टेकायला जाई आणि दणका तळहातातून निघून थेट खांद्यात पोचे. माडावर चढणारे माडावरून पडत. खाडीत पाग टाकणारे वर्षानुवर्षं एकाच हातानं जाळं फेकत, आणि एका सकाळी जाळं जाई तिकडे जाई, हात मात्र डोक्याच्या वर जायला नकार देई. बायका रहाटाचा दोर ओढत, मुसळानं भात कांडत, आणि पन्नाशीला आल्या की पाठीमागं हात नेऊन अंबाडा घालता येत नाही म्हणून सुनेला हाक मारत. सुना ही हाक फार उशिरा ऐकत.

आवडाबाय ओसरीवर बसून माणूस अंगणात शिरतानाच ओळखायची. एक हात दुसऱ्या हातावर, परक्याचं तान्हं मूल सांभाळावं तसा धरून आला, तर खांदा निखळलेला. मान एकीकडे कलती करून आला, तर गळ्याखालचं आडवं हाड मोडलेलं. धडधाकट दिसतो, पण डोकं खाजवायला डावा हात वापरतो, तर उजव्याच्या आतली शीर फाटलेली. निखळलेला ती बसवी. मोडलेल्या हाडावर उडदाच्या पिठाची खळ लावून पट्टा बांधी. ती खळ एकदा वाळली की माणसाच्या मनात आलं तरी सुटत नसे. आखडलेल्या खांद्याच्या माणसाला ती भिंतीसमोर उभं करी आणि बोटांनी भिंतीवर चालायला लावी, रोज बोटभर वर. फाटलेल्यापुढं मात्र ती हात जोडायची. फाटलेलं बसत नाही, एवढंच सांगायची.

निखळलेला खांदा बसवण्याची तिची एक रीत होती. हात हळू बाहेर ओढता ओढता ती सहज विचारी, की तुमच्या मागच्या बांधावरचा फणस नक्की कुणाचा हो? कातळवेढ्यात प्रत्येकाच्या मागच्या बांधावर एक फणस होता आणि प्रत्येक फणसाला दोन मालक होते. माणूस दुखणं विसरून शेजाऱ्याच्या तीन पिढ्यांवर घसरे, आणि तो आजोबांपर्यंत पोचायच्या आत खटकन आवाज येऊन खांदा जागेवर बसलेला असे. तिनं एकदा वाघाचाही खांदा बसवला, असं म्हणतात. वाघाला तिनं काय विचारलं, याबद्दल संदर्भ १ आणि संदर्भ २ दोन्ही गप्प आहेत.

आता पालखीकडे येऊ.

पाणजाईची पालखी वर्षातून एकदा, शिमग्यात, देवळातून निघे. गावातून फिरत फिरत ती फणसाच्या झाडाखालून मोठी चढण चढे आणि वरच्या सड्यावर, मोकळ्या कातळपठारावर, सहाणेवर जाऊन बसे. सहाण म्हणजे शिमग्यापुरता देवीचा चौथरा. चढून गेल्यावर ती तिथं नाचवायची, म्हणजे खांद्यावरून वर उडवायची आणि झेलायची. शेजारच्या गावची पालखी हलकी होती म्हणून कातळवेढ्याच्या पूर्वजांनी आपली जड करवून घेतली. मग शेजाऱ्यांनी त्यांची जड केली. मग ह्यांनी आणखी. दोन्ही गावांतल्या सुतारांचं बरं चाललं होतं.

पालखीला मधोमध एक लांब दांडी. देवीचा चांदीचा मुखवटा पुढं तोंड करून बसलेला. देवीच्या उजव्या हाताला रेवाळे भावकीचा मान, डाव्या हाताला गोणबरे भावकीचा. हा मान देवीनं स्वप्नात येऊन दिला होता, दोघांनाही, एकाच रात्री. त्यामुळे रेवाळे पिढ्यानपिढ्या दांडीच्या उजवीकडे उभे राहत आणि दांडी त्यांच्या डाव्या खांद्यावर येई. गोणबरे डावीकडे, आणि दांडी उजव्या खांद्यावर. बाजू बदलणं म्हणजे मान सोडणं. कोणी दमला म्हणून पलीकडे गेला असता तर त्याच्या नातवाच्या लग्नात ते ऐकवलं गेलं असतं. परिणाम असा झाला, की तिशी ओलांडलेल्या प्रत्येक रेवाळ्याचा डावा खांदा उतरलेला आणि प्रत्येक गोणबऱ्याचा उजवा. पाठमोरा माणूस दिसला तरी भावकी कळायची. सोयरिकीला येणारे पाहुणेसुद्धा मुलाला आधी वळून उभं राहायला सांगत, असं म्हणतात.

आणखी एक नियम होता. देवळातून निघालेली पालखी सहाणेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, आणि दांडीखालची जागा रिकामी ठेवायची नाही. कुणाची जागा रिकामी झाली तर समोरच्या भावकीतला माणूस ती भरी. आणि एकदा भरलेली जागा परत मिळाल्याचं उदाहरण गावात नव्हतं.

आवडाबायचा नवरा त्या दांडीखाली उजवीकडची पहिली जागा धरायचा. त्याच्या डाव्या खांद्यातली शीर सड्यावर पालखी झेलताना फाटली. पुढं तो पाग टाकू शकला नाही. घास तेवढा उजव्या हातानं तोंडात जाई, पण डोईवरचं मुंडासं बायकोनं बांधायचं. सगळ्या मुलखाचे खांदे बसवणारी बाई रोज सकाळी हे मुंडासं बांधत होती. तो गेल्यावर जागा मुलाकडे आली. मुलाचं नाव धाकू. धाकूचा डावा खांदा आधीच दोनदा निखळला होता, एकदा माडावरून आणि एकदा पालखीत. तरुणपणी निखळलेल्या खांद्याला बाहेर पडायची सवय लागते. आवडाबायनं मुलाला सांगितलं होतं, की अजून एकदा सड्यावर झेलताना खांदा गेला तर नुसता निखळणार नाही, बापासारखा फाटेल. पाग गेला की तुझं घर काय खाणार?

धाकू म्हणाला, "बापाची जागा गोणबऱ्यांना देऊ? त्यापेक्षा हात दिलेला बरा."

त्या वर्षी दांडीखालचे सोडले तर रेवाळ्यांत दुसरा खांदा शिल्लक नव्हता. बाकीचे सगळे एकेक करून आवडाबायच्या भिंतीवर बोटं चालवत होते.  त्यामुळे शिमगा आला तेव्हा आवडाबाय पदर खोचून पालखीच्या मागोमाग चालू लागली.

पालखी निघाली. ढोल, ताशे, गुलाल. आणि व्हायचं ते चढणीच्या पायथ्याशी, फणसाखाली झालं. मागचा माणूस ठेचाळला, दांडी हिसकली, धाकूचा वर धरलेला हात मागं गेला आणि खांदा निखळला. तो फणसाला टेकून बसला, हात हातावर धरून, परक्याच्या तान्ह्या मुलासारखा. रेवाळ्यांच्या बाजूची पहिली जागा रिकामी झाली. ढोल थांबले.

गोणबऱ्यांचा म्होरक्या बुधाजी. मोठा कडक माणूस, आणि उजवा खांदा इतका उतरलेला, की त्या खांद्यावर उपरणं ठरत नसे. तो दांडीखालूनच म्हणाला, "आवडाबाय, पोराला बाजूला घे. आमच्यातला एक उभा राहील तिथं. वर गेल्यावर बघू काय ते."

वर गेल्यावर बघू याचा अर्थ तिथं जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होता.

आवडाबाय मुलाजवळ बसली. हात हातात घेतला. धाकूनं डोळे मिटून सांगितलं, की आये, फणसाचं विचारू नको, मला सगळं ठाऊक हाय. तिनं विचारलं नाही. हात हळू बाहेर ओढत ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धाकू, बुधाजीभाऊची तानी तुला आवडते ना रे?"

धाकूचं तोंड गुलालापेक्षा लाल झालं. कळश्या घेऊन वाटेवर पाणी शिंपणाऱ्या बायकांच्या घोळक्यात उभी असलेली तानी कळशीआड गेली. बुधाजीनं आ वासला. आणि त्या शांततेत खटकन आवाज आला, तो वरच्या सड्यापर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात.

खांदा बसला. पण त्यावर आता दांडी ठेवणं शक्य नव्हतं. आवडाबायनं मुलाचा डावा हात आपल्या लुगड्याची पट्टी फाडून छातीशी बांधला आणि ती भिवा गुरवाकडे वळली.

हा भिवा देवीचा गुरव. त्याचाही उजवा खांदा आखडलेला होता. मागच्या वर्षी त्याचा हात कमरेच्या वर जात नव्हता, त्यामुळे आशीर्वाद फक्त लहान मुलांना मिळत होते आणि मोठ्या माणसांची कामं अडली होती. आवडाबायनं त्याला सहा महिने भिंतीवर चालवून डोक्याइतका वर आणला होता. भिवा तिचं ऐकत असे.

ती म्हणाली, "भिवाभाऊ, देवी वर्षातून एकदा भायेर येते, आणि गावाकडं पाठ करून चढण चढते. आपलं घर सोडून जाणाऱ्या बाईला एकदा मागं वळून बघावंसं वाटत नसेल? तिला विचारा तरी."

हा प्रश्न गावात कोणी केला नव्हता. तिथल्या बायका, ज्यांनी कधी ना कधी आपलं माहेर मागं वळून बघितलं होतं, त्या सगळ्या एकदम देवीकडे बघायला लागल्या.

भिवानं कौल लावला. कातळवेढ्यात देवीला विचारायची रीत अशी, की मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना फुलाची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भिवा "बाय माजे पाणजाये" एवढंच म्हणाला, आणि उजवी पाकळी पडली. पुढचं गाऱ्हाणं घशातच राहिलं.

मग मुखवटा वळला. इथं दोन मतं आहेत. एक मत असं, की भिवानं तो वळवला. दुसरं असं, की भिवाचा हात अजून तिथवर पोचलाच नव्हता, आणि देवी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, आपली आपण वळली, गावाकडे बघितलं आणि हसली. दुसऱ्या मताला साक्षीदार जास्त आहेत.

लोकांनी हात जोडले. मग हात जोडलेल्या अवस्थेतच एकेकाच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. देवी उलटी झाली, म्हणजे तिचा उजवा हात आता पलीकडे गेला. म्हणजे जिथं गोणबरे उभे आहेत तिथं.

बुधाजीच्या ते सगळ्यात आधी लक्षात आलं. तो खूश होऊन म्हणाला, की मग आता उजवा मान आमच्याकडे आला, देवीची इच्छा.

आवडाबायनं शांतपणे विचारलं, की बुधाजीभाऊ, तुमच्या पणजोबांना देवीनं स्वप्नात काय दिलं होतं? आपला डावा हात, की फणसाची बाजू?

बुधाजी अडकला. देवीचा डावा हात आमचा, हे तो आयुष्यभर प्रत्येक भांडणात शपथेवर सांगत आला होता. देवीचा डावा हात सोडून तो कुठं जाणार? गोणबऱ्यांना पलीकडे जाणं भाग होतं आणि रेवाळ्यांना अलीकडे येणं. कुणाचाही मान जात नव्हता. फक्त प्रत्येकाचा खांदा बदलत होता, आणि धाकूच्या वाट्याला त्याचा धडधाकट उजवा खांदा येत होता.

तरी कोणी हलेना. कारण आधी दांडी सोडणार कोण? रेवाळे म्हणाले, आधी तुम्ही. गोणबरे म्हणाले, आम्ही सोडली आणि तुम्ही सोडलीच नाहीत तर? पालखी जमिनीला टेकवायची नाही. ऊन चढलं, माणसं थरथरायला लागली, बुधाजीच्या कपाळावरून घाम नाकावर आणि नाकावरून दाढीत उतरला, पण दोन्ही भावक्या दांडीला चिकटून उभ्या. आवडाबायच्या खळीनंसुद्धा इतकं घट्ट कोणी चिकटलं नव्हतं.

तेव्हा आवडाबायनं बायकांच्या घोळक्याकडे बघितलं. "बायांनो, कळश्या खाली ठेवा. खांदे द्या."

बायकांनी पालखी उचलू नये असा नियम नव्हता. असा प्रसंग येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे नियम करायचा राहून गेला होता. त्या पुढं झाल्या. रेवाळ्यांच्या सुना, गोणबऱ्यांच्या लेकी, जिला जिथं जागा मिळाली तिथं. पहिली जागा, नवऱ्याची आणि मुलाची, आवडाबायनं घेतली. तिच्या समोर दांडीच्या पलीकडे तानी आली. पुरुष दोन्ही बाजूंनी एकदम बाहेर निघाले, कारण आता आधी आणि नंतर असं काही उरलंच नव्हतं. आणि पालखी तसूभरही खाली आली नाही. उलट ती थोडी वर गेली, असं म्हणतात.

पुरुष पलीकडून आत आले. बुधाजीनं जन्मात पहिल्यांदा डावा खांदा दांडीखाली घातला. दहाएक पावलं तो मोकळा झालेला उजवा खांदा हलवून बघत चालला. तीस वर्षं दुखणारं काहीतरी दुखायचं थांबलं, की माणसाला आधी काय हरवलं तेच कळत नाही. मग चालता चालता म्हणाला, "आवडाबाय, हे आदी का नाय सांगितलंस?"

"तुमी आदी इचारलंत कधी?"

त्या दिवशी पालखी फुलासारखी चढली. एक हात छातीशी बांधलेला धाकू पहिल्या जागेवर होता आणि वर सड्यावर पालखी अशी नाचली, की खाडीपलीकडच्या गावांना चांदीची चमक दिसली. देवी वर जाईपर्यंत गावाकडे बघत होती. संध्याकाळी माणसं घरी गेली तेव्हा सगळ्या गावाचे खांदे एका रेषेत आले होते, असं म्हणतात. पाठमोरी भावकी ओळखू येईना. त्यामुळे सोयरिकीला येणाऱ्यांची पंचाईत झाली, पण तानीसाठी बघायला कोणी यायचं नव्हतंच. सगळ्या गावासमोर विचारलेला प्रश्न बुधाजीला मागं घेता येईना, आणि वैशाखात लग्न झालं. धाकूचा खांदा पुन्हा कधी निखळला नाही. तो म्हातारा होईपर्यंत पाग टाकत होता. स्वतःचं मुंडासं स्वतः बांधत होता.

गाव म्हटलं की हरकत आली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी चार शहाणे जमले आणि बायकांनी पालखीला खांदा दिला हे रीतीला धरून झालं का, असा मुद्दा निघाला. झालेल्या गोष्टीला मागाहून मंजुरी घ्यावी असं ठरलं. आवडाबाय म्हणाली, घ्या, अर्ज माझ्या नावानं घाला. भिवा गुरवानं तिच्या नावानं गाऱ्हाणं घातलं, की बाय माजे, बायांनी खांदा द्यावा की नाय, ते सांग. दोन्ही पाकळ्या लावल्या. लोक बसले. सावल्या लांब झाल्या. उजवी पडेना, डावीही पडेना.

भिवानं जाहीर केलं, की देवी विचार करते आहे. पुढच्या वर्षी परत विचारू. तोवर फणसाखाली झालं ते तात्पुरती व्यवस्था म्हणून चालू ठेवावं.

ती व्यवस्था अजून चालू आहे. दर शिमग्याला फणसाखाली ढोल थांबतात, देवी मागं वळते, आणि पुरुष पालखी बायकांच्या खांद्यावर देऊन बाहेर येतात. हा खांदेपालट पान चघळून होईपर्यंत संपावा अशी अपेक्षा होती. पण बायका पालखी नाचवायला लागतात, आणि पुरुष फणसाच्या बुंध्याशी रांगेनं उभे राहून बोटांनी झाडावर चालत बसतात, आवडाबायच्या आज्ञेप्रमाणे, बोटभर वर. बुंधा तिथं गुळगुळीत झाला आहे. शेवटी पालखी परत मिळावी म्हणून पुरुषांनाच गाऱ्हाणं घालावं लागतं. कातळवेढ्याचा माणूस मुंबईत जिन्यावरून कपाट चढवतानासुद्धा मध्येच थांबतो, "आवडाबाय, पालट" म्हणतो आणि बाजू बदलतो.

ती स्वतः कधी गेली, कशी गेली, हे कुणाला सांगता येत नाही. मात्र बायका सांगतात, की फणसाखाली दांडी उचलली की जितक्या जणी आत गेल्या त्याहून एक खांदा खाली जास्त असतो. वजन तेवढं कमी लागतं.

आणि दरवर्षी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, आवडाबाय रेवाळे यांच्या नावानं गाऱ्हाणं घातलं जातं आणि पाकळ्या लावल्या जातात. पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या असतात. गुरवांच्या घरी आदल्या संध्याकाळी वाटीभर उडदाचं पीठ का भिजतं, याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही, आणि करण्याचं प्रयोजनही दिसत नाही.

यंदाही उजवी पाकळी पडली नाही. डावीही पडली नाही. सबब, अर्ज प्रलंबित आहे.